दोन कुलपांचं शेड

मी पायाळू आहे. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढले. नागपूरला लागून असलेल्या आमच्या बेसा गावात अजूनही कोणाची कंबर धरली की तो माझ्याकडे येऊन पालथा झोपतो आणि म्हणतो, रुपरावभाऊ, जरा लाथ लावा. मी लावतो. त्याला बरं वाटतं, मलाही वाटतं. माझी बायको शोभा म्हणते, पाय आधी आले तेव्हा डोकं मागे राहिलं ते राहिलंच. ज्या दिवशी मी शेडाची कुलपं तोडली त्या दिवशी हे वाक्य मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकावं लागलं.

तर अशा उलट्या मला जिवंत बाहेर काढलं ते अलियम्माबाईनं. ती केरळातून आमच्या गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून आली होती. कोवळी पोर, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. गावच्या सुईणीनं हात टेकले तेव्हा या पोरीनं बाह्या वर केल्या. आई वाचली, मी वाचलो. आई गोपिका पुढे जन्मभर सांगायची की बाई मल्याळीत ओरडत होती, ती वऱ्हाडीत ओरडत होती, आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं.

माझा बाप चंपतराव फार बोलणारा माणूस नव्हता. आई उठून बसल्यावर त्यानं अलियम्माबाईला शेतावर नेलं, रस्त्याला लागून असलेला चिंचेजवळचा कोपरा दाखवला आणि म्हणाला, "बाई, ही जागा तुमच्या देवाले देली." बाईचा देव कोणता, कुठला, कोणत्या पंथाचा, हे त्यानं विचारलं नाही. कागदही केला नाही. शब्द दिल्यावर कागद कशाला, अशी त्या काळची रीत. त्या रीतीनं पुढे माझं डोकं खाल्लं.

बाईनं पोथन नावाच्या वेल्डरशी लग्न केलं. तो वाडीकडच्या कारखान्यात कामाला होता. सुट्टीच्या दिवशी सायकलवर मशीन लादून आणायचा. त्यानं एकट्यानं अँगल जोडून त्या कोपऱ्यात टिनाचं शेड उभं केलं आणि वर लोखंडी क्रूस बसवला. नागपुरात तेव्हा असलेली मल्याळी माणसं, नर्सा, टायपिस्ट, टायरवाले, रविवारी तिथे जमायला लागली. पुढे मी मोठा होऊन मंडप-खुर्च्या भाड्यानं द्यायचं बिछायत केंद्र काढलं, त्याचा पहिला धंदा तोच. खुर्च्या, सतरंज्या, पंखे माझे, देव त्यांचा.

आता मुख्य गोष्ट. ही माणसं दोन प्रकारची होती. निम्मी कॅथलिक, निम्मी ऑर्थोडॉक्स. मला हे कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. भाषा एक, जेवण एक, छातीवर क्रूस काढायचा हात एक. एवढंच लक्षात आलं होतं की सकाळच्या पाद्र्याला दाढी नाही, बायको नाही. उशिरा येतो त्याला दाढी आहे, बायकोही आहे, आणि तो पोराला स्कूटरवर पुढे उभं करून आणतो. सकाळचे कॅथलिक, नंतरचे ऑर्थोडॉक्स. सकाळचे मेरीमातेची मूर्ती ठेवायचे, नंतरचे मूर्ती उचलून कपाटात ठेवायचे आणि वेदीसमोर पडदा बांधायचे. जाताना पडदा सोडून कपाटात ठेवायचे. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं, कारण मूर्ती कपाटात ठेवायचा तो पोथन आणि बाहेर काढायची ती अलियम्माबाई. पोथन ऑर्थोडॉक्स. बाई माहेरची कॅथलिक. लग्न झालं की बाई नवऱ्याच्या चर्चमध्ये जाते अशी त्यांच्यात पद्धत, तशी ती गेली. पण सकाळची प्रार्थना तिनं सोडली नाही. दोन्हीला बसायची. तिला कोणी काही म्हणत नव्हतं.

मग बेसा वाढलं. शेतात फ्लॅट उगवले, फ्लॅटमध्ये माणसं भरली, शेडात कोणालाच जागा पुरेना. आणि यांचा मोठा सण, ईस्टर, दोघांचा एकाच दिवशी. रविवार वाटून घेता येतो, सणाची पहाट कशी वाटायची? एका वर्षी एकांची प्रार्थना लांबली, दुसरे बाहेर ताटकळले. मग कोणी म्हणे मूर्ती चिंचेखाली ठेवलेली सापडली, कोणी म्हणे पडद्यानं फरशी पुसली. मी दोन्ही पाहिलं नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्यांनीही पाहिलं नव्हतं. दोघांनाही आता पक्कं चर्च बांधायचं होतं. जागा एकाच चर्चपुरती. शेवटी एकांनी शेडाला कुलूप लावलं. दुसऱ्यांनी त्याच कडीत आपलं कुलूप अडकवलं. आता एकाची किल्ली दुसऱ्याशिवाय कामाची नव्हती. कॅथलिक हॉल भाड्यानं घेऊन प्रार्थना करायला लागले, ऑर्थोडॉक्स एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये. माझा धंदा दुप्पट झाला, हे खोटं कशाला बोलू.

पण त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास पोथन गेला. त्याची प्रार्थना त्यानं स्वतः जोडलेल्या शेडात झाली नाही, पार्किंगमध्ये झाली. अलियम्माबाई माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती आणि मागे कोणीतरी कार काढत होतं. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कोणावर काढायचा ते ठरेना.

जागा सातबाऱ्यावर अजून माझ्याच नावे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक माझ्या दारी यायला लागले. ऑर्थोडॉक्सांकडून कुरियनसाहेब, बँकेतून रिटायर झालेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. कॅथलिकांकडून त्रेसियाम्मा टीचर, ज्यांच्यासमोर मी पंचावन्नाव्या वर्षीही हात मागे बांधून उभा राहतो. कुरियनसाहेब केक आणायचे, टीचर केळ्याचे चिप्स. दोघंही सांगायचे की जागा खरं तर आमचीच. कुरियनसाहेब म्हणायचे, चंपतरावांनी जागा अलियम्माला दिली, अलियम्मा लग्नानंतर आमच्यात, म्हणजे जागा आमची. टीचर म्हणायच्या, दिली तेव्हा तिचं लग्न कुठे झालं होतं? तेव्हा ती आमची होती. दोघांचंही म्हणणं खरं होतं. हेच तर दुखणं.

फरक काय आहे तो तरी समजून घ्यावा म्हणून मी एकदा दोघांना वेगवेगळं विचारलं. कुरियनसाहेबांनी केरळातल्या साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या एका शपथेपासून सुरुवात केली. टीचर रोमपासून निघाल्या. दोघंही माझ्या अंगणात पोचेपर्यंत चहा गार झाला. कुठल्या जमान्यातलं, कुठल्या मुलखातलं भांडण, आणि ते येऊन बसलं माझ्या सातबाऱ्यावर.

घरात आईचं वेगळंच. ती खाटेवरून उठत नव्हती, पण डोकं शाबूत होतं. रोज सकाळी चहा घेतला की विचारायची, "बाईची जागा करून देली का गा?" मी म्हणायचो, होईल. ती म्हणायची, "तुह्या बापाचा शब्द आहे. मी जायच्या आधी कर. वर गेल्यावर मले विचारन तो." बाप मेल्यावरही हिशेब मागेल याबद्दल तिला शंका नव्हती. मलाही नव्हती. जागा कोणाच्या नावे केली की बापाचा शब्द पाळला जातो, एवढंच कळत नव्हतं. एकाला दिली तर दुसऱ्यांची अलियम्मा बाहेर. अलियम्माबाईला विचारलं तर ती एकच म्हणायची, जागा देवाची आहे. देवाचा आधार कार्ड नंबर कुठून आणू?

शेवटी मी दोघांना सांगून टाकलं की ईस्टरच्या आधी काय ते ठरवतो. आणि ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी, दुकान पोराच्या हवाली करून, फाइल काखेत मारून अलियम्माबाईकडे गेलो. ठरवलंच होतं, आज तिच्या तोंडून नाव काढून घ्यायचं.

जुन्या बेसात तिचं दोन खोल्यांचं घर. दार सताड उघडं. आत टेबलावर पांढरं कापड घातलेलं, पितळेचा दिवा लावलेला, पोथनच्या फोटोला धुतलेली प्लास्टिकची फुलं. मधोमध एक मोठी रिकामी थाळी आणि शेजारी सुरी. बाई पांढऱ्या साडीत खुर्चीवर बसली होती. मी आत आलो तसं तिनं आधी माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. हातात फाइल होती. मग तिनं तोंडाकडे पाहिलं.

"तुले कोणी पाठवलं का गा?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, मीच आलो. ती बस म्हणाली. मला वाटलं पाहुणे यायचे असतील, म्हणून मी उठायला लागलो. तिनं बसवून ठेवलं आणि हळूहळू सांगितलं. आजचा गुरुवार त्यांच्यात मोठा. येशूनं शिष्यांसोबत शेवटचं जेवण घेतलं तो. केरळातल्या जुन्या ख्रिस्ती घरांमध्ये या संध्याकाळी तांदळाची, खमीर न घातलेली भाकर करतात. पेसहा अप्पम म्हणतात तिला. वर झावळीचा क्रूस ठेवतात. घरातला कर्ता पुरुष ती कापतो आणि वयानं मोठ्यापासून लहानापर्यंत एकेकाला देतो. पण ज्या घरात वर्षात माणूस गेला असेल तिथे ती भाकर करत नाहीत. त्या घरची भाकर शेजारपाजारचे, नात्यातले आणून देतात.

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. आमच्यातही तेच आहे. माणूस गेल्यावर वर्षभर घरात सण नाही, कढई नाही. पुरणाची पोळी दुसऱ्याच्या घरून येते. बाप गेला त्या वर्षी दिवाळीला आमच्याकडे पहिला डबा आला तो अलियम्माबाईचा. करंज्या तिला येत नव्हत्या. कडांना फुटलेल्या, वाकड्या, आत खोबरं कच्चं. आईनं त्या एकेक करून खाल्ल्या होत्या आणि रडली होती.

मी विचारलं, कोणीच नाही आलं? ती म्हणाली, येतील. प्रार्थना लांबली असन. आता अंधार पडत आला होता. तिनं पुन्हा दाराकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाली की दोन्हीकडे माणसं खूप झाली आहेत आता, एखादं घर राहून जातं. ती त्यांची बाजू घेत होती. ते मला सहन झालं नाही.

बाहेर येऊन मी कुरियनसाहेबांना फोन लावला. ते प्रार्थनेहून नुकतेच आले होते. गोंधळले. म्हणाले की अलियम्माच्या माहेरची माणसं तिकडची आहेत, ही भाकर त्यांच्यात जास्त करतात, त्यांनी नेलीच असणार. आम्ही गेलो असतो तर तिथेच त्यांची गाठ पडली असती, सणाच्या दिवशी वाद नको म्हणून आम्ही थांबलो. मग टीचरना लावला. त्या म्हणाल्या, ती त्यांच्या रजिस्टरात आहे, पोथन त्यांचा, त्यांचं सुतक. आम्ही भाकर घेऊन गेलो असतो तर लोक म्हणाले असते की जागेसाठी म्हातारीला ओढतात. त्यांनी दिली नाही का? दोघंही वाईट माणसं नव्हती. दोघांनी विचार करूनच पाय मागे घेतला होता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. मी फोन ठेवला.

घरी येऊन शोभाला सांगितलं. ती टीव्ही पाहत होती. तिनं टीव्ही बंद केला आणि पिठाचा डबा उघडला. तिचं माहेर भाताच्या पट्ट्यातल्या कुहीचं, घरचे तांदूळ, पीठ नेहमी दळलेलं असतं. उकळत्या पाण्यात पीठ घातलं, मळलं आणि मोठीच्या मोठी भाकर थापली. आई खाटेवरून ओरडली, "मीठ नीट घाल वं. बाईनं कच्च्या करंज्या आणल्या होत्या, पण मनानं आणल्या होत्या." शोभा म्हणाली, तुमच्या करंज्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या झाल्या. आई म्हणाली, मग काय झालं.

भाकर धुतल्या पंच्यात गुंडाळून आम्ही दोघं गेलो. दार अजून उघडंच होतं. बाईनं भाकरीकडे पाहिलं, मग शोभाकडे पाहिलं आणि तिच्या गालाला हात लावला. पवित्र ग्रंथातून झावळीचा वाळका क्रूस काढून तिनं भाकरीवर ठेवला. मल्याळीत काहीतरी पुटपुटली. आणि सुरी माझ्यापुढे केली.

मी म्हटलं, "बाई, मी तुमच्यातला नाही. मह्या हातानं चालन का?"

"तुले या जगात मीच आणलं," ती म्हणाली. "उलटा होता तरी आणलं. काप आता. पहिले मोठ्याले दे."

मी कापली. पहिला तुकडा तिला दिला. तिनं दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला. मग शोभाला, मग मी घेतला. तांदळाची साधी भाकर, रोज खातो तशी. जागेचं विचारायला गेलो होतो ते विचारलंच नाही. फाइल तिच्या खुर्चीवर विसरून आलो.

रात्रभर मला झोप नव्हती असं म्हणणार नाही, झोपलो. पण सकाळी उठलो तर राग तिथेच उशाशी बसलेला. शुक्रवार होता, त्यांचा दुःखाचा दिवस. मी दुकानातून मंडपाचा लोखंडी पाइप घेतला आणि शेडावर गेलो. एक कुलूप पितळी, एक पोलादी. पितळी दोन फटक्यांत निघालं. पोलादी चिवट निघालं, शेवटी कडीच उखडली. पोथनची वेल्डिंग पक्की होती, त्यानं मला घाम फोडला. आत धूळ, पाखरांची घरटी, कपाटात मूर्ती आणि तिच्याच पायाशी घडी केलेला पडदा. इतके दिवस दोघं एकाच कपाटात होते, त्यांना काही त्रास झालेला दिसला नाही. मी झाडून घेतलं, खुर्च्या मांडल्या आणि अलियम्माबाईला ऑटोत घालून घेऊन आलो. पहिल्या रांगेत बसवलं. तिनं छताकडे, पोथनच्या जोडांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो. कुरियनसाहेब आले, त्यांच्या मागे काही माणसं. टीचर आल्या, त्यांच्या मागे काही. दोघांच्याही हातात डबा होता. रात्री फोन ठेवल्यावर दोघांच्याही घरात काय झालं असेल ते मला त्या डब्यांवरून कळलं. कुलपांकडे कोणीच पाहिलं नाही. टीचर आधी पुढे झाल्या, मग कुरियनसाहेब. डबे बाईच्या पुढे ठेवले. दोघांचेही चेहरे पडलेले.

बाईनं दोन्ही डब्यांवर हात ठेवला. प्रेमानं ठेवला, हे मी मुद्दाम सांगतो. आणि म्हणाली, "काल गुरुवार होता. आज उपास आहे."

बस, एवढंच. टीचर मटकन खुर्चीवर बसल्या आणि रडायला लागल्या. कुरियनसाहेबांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मला त्या दोघांची दया आली, पण तोंड आधीच सुटलं होतं. मी म्हटलं, "मह्या बापानं जागा ऑर्थोडॉक्सले देली नाही, कॅथलिकले देली नाही. या बाईले देली. कागद तिच्याच नावानं होईन. किल्ली तिच्याजवळ राहीन. ज्याले प्रार्थना करायची त्यानं तिच्या घरी जाऊन मागावी."

कुणीतरी मागून विचारलं, आणि तिच्यानंतर? मी म्हटलं, तिच्यानंतर दोघांच्या नावे, पण दोघांच्या सह्या असल्याशिवाय तिथे वीट लागणार नाही. दुसरा कोणी म्हणाला, मग चर्च कधीच होणार नाही. मी म्हटलं, न होवो. खुर्च्या माझ्याकडे भरपूर आहेत.

त्या दिवशीची प्रार्थना सकाळी एकांची झाली आणि दुपारी दुसऱ्यांची. उपास सोडायची पेज मात्र एकाच पातेल्यात शिजली, कारण गॅसची शेगडी मी एकच पाठवली होती.

ईस्टर झाल्यावर मी बक्षीसपत्र केलं. रजिस्ट्री ऑफिसातून थेट आईच्या खाटेजवळ गेलो आणि कागद तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं बाईचा अंगठा कुठे आहे ते विचारलं. मी म्हटलं, बाई शिकलेली आहे, तिनं सही केली. आईनं सहीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता विचारू दे त्याले."

पोथनची वर्षाची प्रार्थना शेडात झाली. दोन्ही पाद्री आले. चर्चचं म्हणाल तर नकाशावर अजून वाद चालू आहे. ऑर्थोडॉक्सांना वेदी पूर्वेलाच हवी, रस्ता नेमका पूर्वेला, म्हणजे चर्चची पाठ रस्त्याकडे. कॅथलिकांना दार रस्त्याकडे हवं. महिन्यातून दोनदा ते अलियम्माबाईच्या घरी बसून भांडतात. ती मध्ये बसून भाजी निवडते. किल्ली न्यायला आणि आणून द्यायला तिच्याकडे सारखं कोणी ना कोणी जातं, येताना दूध नाहीतर औषध घेऊन येतं. तिचं घर आता मोकळं असं नसतंच. मला हेच हवं होतं का? खरं सांगायचं तर मी एवढा विचार केला नव्हता. पायाळू माणसाचं असंच असतं, आधी पाय पडतो.

पौषात आई गेली. झोपेतच गेली. अलियम्माबाई आली, तिनं आईचे केस विंचरून दिले, जसे ती माझ्या जन्मानंतर विंचरायची म्हणे. त्या वर्षी आम्ही गुढी उभारली नाही, घरात गोड केलं नाही.

आणि मग तो गुरुवार आला. मी विसरून गेलो होतो. संध्याकाळी अंगणात पाइपांना रंग देत बसलो होतो, तर फाटकासमोर एक स्कूटर थांबली. पुढे कुरियनसाहेब, हेल्मेट घालून, ताठ. मागे त्रेसियाम्मा टीचर, एका बाजूला पाय करून, मांडीवर स्टीलचा मोठा डबा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. अख्ख्या बेसानं हे पाहिलं असणार. मला हसू आवरेना.

टीचर उतरल्या. म्हणाल्या की अलियम्माचं वर्ष संपलं, यंदा तिनं स्वतः भाकर केली. आणि पहिली तुमच्या घरी पाठवली, कारण तुमच्या घरी माणूस गेलं. मी विचारलं, मग दोघं कशाला? टीचरनी कुरियनसाहेबांकडे पाहिलं, कुरियनसाहेबांनी स्कूटरच्या आरशाकडे पाहिलं.

"आमचा एकमेकांवर भरवसा नाही," टीचर म्हणाल्या. "गेल्या वर्षीसारखं झालं तर?"

डबा शोभानं घेतला. भाकर पाटावर ठेवली, वर झावळीचा क्रूस होता. कुरियनसाहेबांनी चप्पल बाहेर काढली आणि भिंतीशी उभे राहिले. शोभानं सुरी आणली. मी बसलो, भाकर कापली आणि पहिला तुकडा उचलून सवयीनं कोपऱ्यातल्या खाटेकडे वळलो. खाट तिथेच होती, गादी गुंडाळून ठेवलेली.

पहिले मोठ्याले दे, असं बाईनं सांगितलं होतं. घरात आता सगळ्यात मोठा मीच होतो. तो तुकडा मी खाल्ला आणि दुसरा शोभाला दिला.